सूचीबहाद्दर

सूचीबहाद्दर ओळखायला सोपा. ग्रंथालयात तो पुस्तक मागवतो, प्रकाशक, आवृत्ती आणि साल छापलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतो, पुस्तक मिटतो आणि पुढचे मागवतो. प्रबंधाचे पहिले वाक्य अजून लिहून व्हायचे असते, पण संदर्भग्रंथांची यादी दोनशेच्या घरात गेलेली असते. ‘काम कुठवर आलं?’ असे कुणी विचारले तर तो हा आकडाच सांगतो. यादी अकारविल्हे लावलेली, आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. प्राथमिक साधने, दुय्यम साधने, कोश, नियतकालिके, अप्रकाशित प्रबंध असे कप्पेही पाडलेले. अशा माणसाला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. तो दिवसभर राबतो, फक्त वाचत नाही. माझे म्हणणे असे की नुसती यादी पाहून हे कुणालाच कळत नाही; प्रत्येक नोंदीखाली चार ओळींची टीप लिहायला सांगितली की लगेच कळते.

कारण यादी उतरवता येते, आणि ते रीतसरही असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत वाङ्मयचौर्य मोजताना संदर्भसूची वगळलेली आहे. ते रास्तच आहे. पुस्तकाचे नाव आणि साल कुणी स्वतःच्या शब्दांत कसे लिहावे? पण सूचीबहाद्दराला ही सवलत फार मानवते. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर विषयाच्या आसपासचा एखादा प्रबंध सापडला की त्याची शेवटची पाने मुद्रणदोषांसकट नव्या प्रबंधात मुक्कामाला येतात. हा रोग फक्त आपल्याकडचा असे मात्र समजू नये. सिमकिन आणि रॉयचौधरी या कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी 2003 साली पदार्थविज्ञानातल्या एका गाजलेल्या लेखाचा दाखला घेतला. त्या लेखाचे सुमारे 4,300 ठिकाणी उल्लेख झाले होते. त्यांतले 196 चुकीचे होते, पण वेगवेगळ्या चुका अवघ्या 45, आणि पृष्ठक्रमांकाची एकच चूक तब्बल 78 जणांनी केलेली! 78 जणांचा हात नेमका त्याच आकड्यावर स्वतंत्रपणे घसरत नसतो. मूळ लेख वाचणारे जेमतेम पाचात एक असावेत, असा अंदाज त्यांनी त्यावरून बांधला. आपण यात शक संवताची भर घातली आहे. जुन्या पुस्तकावर ‘शके 1853’ असते. त्यात 78 मिळवून (योगायोगाने आकडा तोच) 1931 करण्याची तसदी न घेता 1853 तसेच उतरवले की लेखक जन्माआधीच ग्रंथकार होऊन बसतो.

टीप लिहायला बसवले की मात्र या गृहस्थाची पंचाईत होते. मग मलपृष्ठ, अनुक्रमणिका आणि प्रस्तावनेतला शेवटचा परिच्छेद एवढ्या सामग्रीवर तो लिहितो: ‘प्रस्तुत ग्रंथात लेखकाने विषयाचा सखोल व सर्वांगीण आढावा घेतला असून अभ्यासकांना तो अत्यंत मौलिक ठरेल.’ ही टीप ज्ञानेश्वरीवरच्या भाष्याला चालते, सहकारी साखर कारखान्याच्या इतिहासाला चालते आणि रेल्वेच्या वेळापत्रकालाही चालायला हरकत नाही. खरी टीप खूपच कोरडी असते. लेखकाचे म्हणणे काय, ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, आणि माझ्या प्रबंधात ते कुठे उपयोगी पडते किंवा आडवे येते, एवढेच तिने सांगायचे. अशा टिपांचा एक जुना नमुना सरकारी दप्तरात सापडतो. 1867 च्या कायद्यानुसार इंग्रज सरकार छापील पुस्तकांच्या तिमाही याद्या करीत असे. बंगालच्या यादीत पुढे शेऱ्याचा रकाना आला, आणि तिथल्या ग्रंथपालाला पुस्तकांत काय आहे ते लिहून द्यावे लागे. सरकारचा हेतू पाळत ठेवण्याचा होता. तरी सक्तीने वाचणारा तो नोकर आमच्या हौशी संशोधकाहून टीपकार म्हणून सरसच ठरतो.

यावर कुणी म्हणेल, शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, तेव्हा त्यांनी काय प्रत्येक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले होते? प्रश्न बिनतोड वाटतो, पण इथे लागू पडत नाही. ‘असे पुस्तक आहे’ एवढी हमी दात्यांनी दिली, आणि मराठीच्या अभ्यासकांवर तेवढ्यानेच मोठे उपकार झाले. प्रबंधाच्या सूचीतली हमी वेगळी असते: ‘हे पुस्तक मी वापरले.’ दुसरा आक्षेप वेळेचा. दोनशे पुस्तके कोण वाचणार? कुणीच नाही, आणि वाचायला सांगतेय कोण? ‘फक्त तिसरे प्रकरण पाहिले, बाकी विषयाबाहेर’ ही उत्तम टीप आहे, कारण ती खोटी नाही. मार्गदर्शकच आकडा मागतात, ही सूचीबहाद्दराची तक्रार मात्र मला मान्य आहे. प्रबंध शेवटून उघडून सूचीची जाडी चाचपणारे परीक्षक असतील तर तो तरी जाडीच पुरवणार. आता टिपाही यंत्राकडून लिहून मिळतात, मग परीक्षा कसली राहिली, असेही विचारतात. यंत्र टीप गुळगुळीत लिहिते, हे खरे. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकालाही ते तेवढ्याच आदराने मौलिक ठरवते. त्यामुळे सूचीबहाद्दराचे काम हलके झाले, पण तोंडी परीक्षेतली जोखीम वाढली.

तेव्हा परीक्षकांना विनंती एवढीच. दोनशेपैकी कोणतीही एक नोंद काढा आणि उमेदवाराला विचारा, ‘या पुस्तकातलं काय तुम्हाला पटलं नाही?’ उत्तर आले तर उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांबद्दल विचारू नका, चहा मागवा.