ऊस, वादळ आणि मृत्युपत्र

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या आसपासचा उत्तर क्वीन्सलँड ऊस, वर्षावन आणि भाऊबंदकी या तिन्हींना मानवतो. त्यामुळे प्रेम-रहस्य-कुटुंब असल्या कादंबऱ्यांचे पीक इथे बारमाही येते. लागवडीची पद्धत ठरलेली आहे: वडील वारतात, शहरात राहणारी मुलगी उसाचा मळा विकायला परतते आणि तिला मळ्यासोबत एक गुपित व एक अबोल, रुंद खांद्यांचा पशुवैद्य मिळतो.

हवामानाचे सहकार्य तर वाखाणण्याजोगे. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा ऐसपैस असला, तरी कादंबरीतले वादळ नायक-नायिका एका छपराखाली येईपर्यंत समुद्रातच ताटकळते. 2006 चे लॅरी आणि 2011 चे यासी या खऱ्या वादळांनी हे सौजन्य दाखवले नाही. केळीच्या बागा भुईसपाट करून ती निघून गेली. हवामान खात्याने यापुढे इशारा देण्याआधी प्रकाशकांना विचारलेले बरे. मगरींना 1974 पासून कायद्याचे संरक्षण आहे, बहुधा खलनायकाच्या विल्हेवाटीची सोय टिकावी म्हणून. कॅसोवरी पक्ष्याची पिल्ले नर एकटाच वाढवतो. अशा संसारात नाट्य नाही, म्हणून त्याला फक्त रस्ता ओलांडण्याचे काम मिळते.

जमीन खरी कुणाची, हा प्रश्न शेवटच्या प्रकरणात वकील मृत्युपत्र वाचून सोडवतो. कादंबरीबाहेर मात्र 2021 मध्ये इथले डेंट्री राष्ट्रीय उद्यान ईस्टर्न कुकू यलंजी या मूळ रहिवासी लोकांना परत देण्यात आले. त्यात ना वादळ होते, ना पशुवैद्य. आणि मृत्युपत्रात तर त्यांचे नाव कधीच नव्हते.