सिनेमावर मत ठोकण्याची प्राथमिक मार्गदर्शिका (नाशिक आवृत्ती)

पात्रता : नाशिक शहरात किंवा जिल्ह्यात वास्तव्य असावं. सिनेमा पाहिलेला असावा अशी अट नाही. उलट पाहिलेला माणूस बोलताना अडखळतो, 'तसं अगदीच वाईट नाही' वगैरे म्हणतो आणि मैफलीचा रंग घालवतो. जागा कोणतीही चालेल : कॉलेज रोडचा कट्टा, मिसळीचं टेबल, लग्नातली पंगत. पापड मोडून रश्शात बुडवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मत देऊन झालं पाहिजे. समोर साठीच्या पुढची मंडळी असतील तर 'सर्कल', 'विजयानंद', 'हेमलता' यांपैकी एखाद्या थिएटरचं नाव घेऊन उसासा टाकावा. ते पुढचा अर्धा तास स्वतःच बोलतील, तुमची मेहनत वाचेल.

पाया

भारतातला पहिला सिनेमा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, मुंबईचं कॉरोनेशन थिएटर. हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशकात वारले, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तेव्हा सिनेमा हा आपला घरचा विषय, आणि घरच्या विषयावर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुण्या-मुंबईचा एखादा पाहुणा मुद्दाम 'पुंडलिक' काढेल. दादासाहेब तोरण्यांचा, १८ मे १९१२, त्याच कॉरोनेशनमध्ये. गडबडू नये. शांतपणे म्हणावं, 'ते नाटक होतं हो, कॅमेरा समोर ठेवून उतरवून घेतलेलं.' पाहुणा गप्प बसतो. पण सावधान! हे वाक्य उच्चारलंत की तुम्ही एक तत्त्व मान्य केलंत : नाटक जसंच्या तसं उतरवलं तर त्याचा सिनेमा होत नाही. मग पाचच मिनिटांनी 'नाटकात जे होतं ते सिनेमात घालवलं' अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? नव्वद टक्के नवशिके इथेच उताणे पडतात. (नव्वद हा आकडा माझा. मत देताना टक्केवारी घालावी, वजन येतं.)

सुरुवातीच्या भूमिका : 'मी तेव्हाच म्हटलं होतं'

नटाची सुरुवातीची भूमिका तो मोठा झाल्यावरच पाहावी. आधी पाहिली तर तिच्यात काही दिसत नाही. उदाहरणार्थ केतन मेहतांचा 'होली', १९८४. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा. हॉस्टेलची पोरं, लांबच लांब शॉट, कॅमेरा गर्दीतून फिरतोय, एक चेहरा पुढे येतो न येतो तोच दुसरा त्याला झाकतो. त्या घोळक्यात आमिर खान आहे, आशुतोष गोवारीकरही आहे. आज आपण आमिरला हुडकत बसतो आणि सापडला की 'बघ, डोळ्यांतच दिसतंय!' म्हणतो. डोळ्यांत काय दिसतंय ते मला अजून कळलेलं नाही. तिथली सगळीच पोरं जीव तोडून काम करतायत. त्यातली बरीचशी पुढे मोठी झाली नाहीत, म्हणून त्यांच्या डोळ्यांकडे कुणी पाहत नाही. 'सामना'तली (१९७५) छोट्या भूमिकेतली स्मिता पाटील, 'सिंहासन'मधला (१९७९) नाना पाटेकर, यांनाही हाच नियम लावावा.

तुम्हाला खास नाशिकचा हुकमाचा पत्ता हवा असेल तर हा घ्या : कुसुमाग्रज. वि. वा. शिरवाडकर तरुणपणी इथल्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते. 'सती सुलोचना'ची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. सिनेमा चालला नाही. ज्ञानपीठ पुढे मिळालं ते अर्थातच मुकुट घालून उभं राहिल्याबद्दल नाही. 'सुरुवातीची भूमिका बघून सगळं कळतं' असं कुणी म्हणालं की हा लक्ष्मण समोर ठेवावा. ज्याने हा सिनेमा पाहिलाय असा माणूस टेबलावर भेटणार नाही, त्यामुळे वाद जिंकल्यातच जमा.

याहून जुनं हवं असेल तर अण्णा साळुंके. मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला होते, फाळक्यांनी तिथे हेरलं आणि 'हरिश्चंद्रा'त तारामती केलं. त्यातला हौदातला प्रसंग नेटवर सापडतो : ओल्या नऊवारीतले बाप्ये पाणी उडवतायत आणि राजा मोठ्या गांभीर्याने पत्नीला बोलवायला आलाय. (हे रीळ १९१३चं की १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीतलं यावर अभ्यासक भांडतात, तुम्ही मध्ये पडू नये.) पुढे १९१७च्या 'लंकादहना'त साळुंके रामही झाले आणि सीताही. आजकाल नायक-नायिकेचं जमत नाही म्हणून आपण सिनेमे नापास करतो. तिथे तो प्रश्नच उद्भवला नाही.

साळुंक्यांची गंमत सांगून झाली की श्रोता म्हणतो, 'तेव्हा बायका कामच करत नव्हत्या.' इथे त्याला थांबवावं. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुरा'त, १९१३ सालीच, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली होती. या दुर्गाबाईंचं नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रूपांतर : 'पुस्तक बरं होतं'

हे वाक्य पुस्तक न वाचता म्हणता येतं, म्हणूनच ते इतकं लोकप्रिय आहे. पण नाशिककराने जरा बेताने वापरावं, कारण आपली गोची आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. अत्र्यांनी १९५३ साली तिचा सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. पुस्तक आपलं म्हणावं तर सिनेमालाही नावं ठेवता येत नाहीत. आईच्या भूमिकेत वनमाला. तीच वनमाला सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये (१९४१) बघा आणि मग सांगा, सुरुवातीच्या भूमिकेवरून कोकणातली ही आई कुणाला दिसली असती?

आता 'नटसम्राट'. इथे मात्र पापड खाली ठेवावा. शिरवाडकरांचं नाटक १९७०चं, पहिले अप्पा बेलवलकर डॉ. श्रीराम लागू. 'शेक्सपिअरचा किंग लिअर उचललाय' असं म्हणणाऱ्याला विचारावं, लिअरची बायको कुठे आहे? लिअरला तीन मुली आहेत, बायको रंगमंचावर येतच नाही. शिरवाडकरांनी अप्पांना मुलगा दिला, मुलगी दिली आणि शेजारी कावेरी उभी केली, 'सरकार'. आता नुसता एक म्हातारा घराबाहेर पडत नाही, एक संसार बाहेर पडतो. माझ्या मते सगळं नाटक त्या बाईच्या गप्प बसण्यावर उभं आहे. मोठमोठ्या स्वगतांना टाळ्या पडतात, पण ती स्वगतं ऐकणारी कावेरी काढून टाका, अप्पा नुसते भाषण करणारे गृहस्थ उरतील.

महेश मांजरेकरांनी २०१६ साली सिनेमा केला, नाना पाटेकर अप्पा. त्यांनी रामभाऊ हा मित्र वाढवला. तेव्हा 'हा कुठून आणला, मूळ नाटकात नाही' असं बरेच जण म्हणाले. मूळ नाटकात नाही हे खरंच. मूळ लिअरमध्ये कावेरीही नव्हती. मला विचाराल तर सिनेमातला अप्पा जिथे रामभाऊसमोर बसतो तिथे खरा वाटतो, आणि जिथे नाटकातली स्वगतं जशीच्या तशी येतात तिथे कॅमेरा अवघडून उभा राहतो. 'पुंडलिक'वाल्या पाहुण्याला आपण जे सांगितलं तेच इथे लागू होतं. रामभाऊ झाले होते विक्रम गोखले. दुर्गाबाई कामत त्यांच्या पणजी. हे सांगितल्यावर टेबलावर दोन मिनिटं शांतता होते, तेवढ्यात वाढीव पाव मागवून घ्यावेत.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी : मालेगाव

आपल्याच जिल्ह्यात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' केला, त्यात सुपरमॅन झाला यंत्रमागावर काम करणारा शफीक. ट्रॉली नव्हती तर सायकल होती, क्रेन नव्हती तर बैलगाडी. त्या खटपटीवर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा सिनेमा. म्हणजे गाजलेल्या सिनेमाचं रूपांतर, त्याच्या निर्मितीचा माहितीपट आणि शेवटी त्या माणसांच्या आयुष्याचं रूपांतर. यावर मत द्यायचं तर क्रम पाठ हवा.

सरावासाठी मालेगावला जायला हरकत नाही, आग्रा रोडने शंभरएक किलोमीटर. मात्र तिथल्या चहाच्या टपरीवर 'मूळ बरं होतं' असं मोघम ठोकू नये. शेजारच्या बाकावरचा माणूस मूळमध्ये डाकू झालेला असण्याची शक्यता असते, आणि तो लगेच विचारतो, कोणता सीन?