लोणावळ्याच्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय पर्यटक,
मुंबई-पुणे (फक्त सोमवार ते शुक्रवार)

विषय : आम्हालाही इथे राहू देण्याबाबत.

महोदय/महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी मूळचा पूर्णा गावचा. परभणीकडचं जंक्शन नव्हे. भिवंडीजवळचं, गोदामांचं पूर्णा. तुम्ही अंथरुणात लोळत मोबाइलवरून मागवलेला मिक्सर बहुधा आमच्याच पट्ट्यातून निघालेला असतो. मुंबईची जकात चुकवून माल हद्दीबाहेर ठेवायचा, म्हणून आमच्या भातखाचरांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली; शेड मात्र वाढतच राहिल्या. त्यामुळे कंटेनरच्या मागे ताटकळणं आम्ही बाळगुटीबरोबरच शिकतो. यंदा इंजिनिअरिंगला लोणावळ्यात नंबर लागला, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगं एकदाचं सुटलं.

कल्याणला गाडी पकडली. कर्जतला मागून जादा इंजिनं लागली, तेवढ्यात वडापाव झाला आणि 1863 पासून रेल्वे ज्या घाटातून धापा टाकत चढते, त्या घाटाने वर आलो. पहिल्याच शनिवारी कॉलेजातून खोलीवर निघालो, तर समोर तीच रांग! कंटेनरच्या जागी तुमच्या गाड्या आणि हॉर्नच्या जोडीला छतातून डोकं बाहेर काढून गाणारी मंडळी, एवढाच फरक. बाकी आमच्या भिवंडीचा अंजूरफाटा जसाच्या तसा.

आपण ज्याला 'क्लायमेट' म्हणता, त्याच्याबद्दलही थोडं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. तुम्ही त्यात दोन तास भिजता, टॉवेल गुंडाळता आणि एक्स्प्रेस-वेला लागता. आमची जीन्स वाळत नाही. ती इस्त्रीखाली शिजवावी लागते. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी धरली आहे. काडेपेटी पेटत नाही. आजीने गच्चीवर कडकडीत वाळवून दिलेली सुकट आठवड्यात सादळली आणि तिच्या वासावरून विदर्भातल्या रूममेटशी माझे राजनैतिक संबंध तुटले. ढग खिडकीतून आत येतो, हे फोटोत छान दिसतं. तो वहीवरही बसतो, हे फोटोत येत नाही.

टपरीवर शनिवारपासून भाव चढतो. भजीची प्लेट घेताना मी गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र लटकवून जातो, म्हणजे मालक आधी मला वरून खालपर्यंत न्याहाळतो आणि मग मंगळवारचा भाव लावतो. घरमालकांची तर बातच न्यारी. गांधी जयंतीला जोडून सुट्टी आली, तेव्हा आमच्या मालकांनी प्रेमाने विचारलं, "आईची आठवण येत नाही का रे? जाऊन ये की चार दिवस." इतकी माया कशाने दाटून आली, ते परत आल्यावर माझ्या कॉटखाली सापडलेल्या बार्बेक्यूच्या सळ्यांवरून कळलं.

मालकांना तरी दोष काय द्यायचा? आठवडाभर मेसचं बिल उधार ठेवणारी पोरं एकीकडे आणि एका रात्रीत महिन्याचं भाडं मोजणारे तुम्ही दुसरीकडे. मुंबई आमच्या गावात माल ठेवते आणि या गावात सुट्टी. दोन्हीकडे राहणाऱ्यांनी जरा सरकून घ्यायचं असतं.

पण तुम्ही समजता तसं हे गाव निव्वळ चिक्कीवर उभं नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. कैवल्यधामात 1924 पासून योग शिकायला माणसं येतात. नौदलाचे इंजिनिअर घडवणारी 'आयएनएस शिवाजी' 1945 पासून इथे आहे. शिकायला आलेला माणूस इथे काल उगवलेला नाही. फक्त तो सेल्फी पॉइंटवर उभा नसतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

तरी विनंती की, गाडी घरी ठेवून रेल्वेने यावे. लोणावळ्याला एक्स्प्रेस थांबतात, पुण्याहून लोकलही येते. बाटल्या परत न्याव्यात. आणि हे एवढं मात्र उपरोधाने लिहीत नाही : 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मनाईचा फलक लावलेला असेल, तिथे पाण्यात उतरू नका.

आपला,
प्रथम वर्ष, मेकॅनिकल
(मूळ गाव पूर्णा, ता. भिवंडी)