शनीची वसुली

रायपूरच्या सदर बाजारात एरवी राज्य सोन्याचं, पण शनिवारची सकाळ लोखंडाची. पेढीचं शटर निम्मं वर गेलेलं असतं, नोकर गादीवरची चादर झटकत असतो, तेवढ्यात पायरीवर डोलची टेकते. "जय शनिदेव, सेठजी!" आत पत्र्याचे शनिमहाराज कमरेपर्यंत तेलात, गळ्यात झेंडू, पायाशी काळे तीळ आणि चिल्लर.

शनीचं दान घेणं हे उत्तरेकडे परंपरेनं डाकोत मंडळींचं काम. डोलची घेऊन येणारा हा गृहस्थ त्यांच्यातला की हौशी, हे कुणी विचारत नाही. शनीच्या माणसाची चौकशी करून आफत कोण ओढवून घेणार?

त्याला भिकारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपला वासुदेव चिपळ्या वाजवून दान घेतो, माधुकरीवाला निदान 'ॐ भवति' म्हणतो. हा नुसता उभा राहतो. एका सराफानं एकदा झिजलेला रुपया टाकला. गडी काही बोलला नाही. डोलची अलगद फिरवून महाराजांचं तोंड त्यानं तिजोरीकडे केलं. शनीची दृष्टी! सेठजींनी घाईघाईनं दहाचं नाणं टाकलं, तेव्हा महाराज पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

इथं जैन पेढ्या पुष्कळ. गोचरीला, म्हणजे भिक्षेला, निघणारे त्यांचे साधू पैशाला शिवत नाहीत. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत शनीची पीडा हरतात, अशी श्रद्धाही आहे. तरी गल्ल्यातून डोलचीसाठी नाणं सुटतंच. दोन विमे असलेले बरे.

धंदा म्हणून पाहा. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं मुक्काम ठोकतो. म्हणजे केव्हाही बारांपैकी तीन राशींना साडेसाती आणि दोन राशींना ढैया, म्हणजे अडीचकी. पाच राशी बांधलेलं गिऱ्हाईक! एक साडेसाती म्हणजे जवळजवळ 390 शनिवार. उरलेल्या सात राशी पुढच्या भीतीनं आगाऊ भरतात. मंदी नाही, घडणावळ नाही, घट नाही. घडणावळीवरून गिऱ्हाईकाशी तासभर हुज्जत घालणारे सराफ याच्याशी मात्र अवाक्षर काढत नाहीत.

रायपूरच्याच तात्यापाऱ्यातली आम्ही मराठी माणसं शनिवारी मारुतीला तेल घालून मोकळी होतो आणि वर डोलचीवाल्याला हसतो. हसतो ते डोलची पुढे गेल्यावर.

शनिवारी सदर बाजारात जाणार असाल तर खिशात सुटे ठेवा. तेलात पडलेल्या नोटेचे सुटे तो देत नाही.