फुकटची भाजी

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतले लोक लॉनवरचे डॅन्डेलायन मारायचं औषध घेऊन बाहेर पडतात आणि आमचे तात्या पिशवी घेऊन. पिवळी फुलं यायच्या आत कोवळी पानं खुडायची, नंतर ती कडूजहर होतात, ही दीक्षा त्यांना शेजारच्या इटालियन आजोबांनी दिली. आजोबा मूळचे व्हाइनलँडचे. ते गाव स्वतःला डॅन्डेलायनची जागतिक राजधानी म्हणवतं, तिथे ही भाजी शेतात लावून विकतात. "लावून?" तात्यांना हे अजून पचलेलं नाही. आपोआप उगवतं त्याला बियाणं कसलं आणताय!

फवारणीची पाटी दिसली की ते लॉन वाळीत. बाकीच्या घरांची बेल वाजवून तात्या रीतसर परवानगी मागतात. फुकटात तण काढणारा माणूस मिळाला म्हणून घरमालकीण खूश. तात्या फक्त पानं कापतात, मूळ जमिनीत राहिलं की पुन्हा फुटतं, हे ते तिला सांगत नाहीत.

घरी चार कोंबड्या आहेत. कोंबड्याला नगरपालिकेची मनाई आहे; पहाटे आरवायला घरात एक आहे तेवढा पुरे, असं काकू म्हणतात. कोवळी पानं कोंबड्यांना, तीही बारीक चिरून, कारण लांब धागे त्यांच्या गळ्याखालच्या पिशवीत अडकून बसतात. बलक कसा केशरी होतो ते तात्या प्रत्येकाला अंडं फोडून दाखवतात. खुराडं, खाद्य, रॅकूनसाठी जाळी असं सगळं धरून मुलानं एका अंड्याचा भाव काढला होता. तो कागद तात्यांनी खुराड्यात अंथरला.

निबर पानं माणसांना. उकळायची, पाणी फेकायचं, घट्ट पिळायची, मग चणाडाळ आणि सढळ लसूण. "मेथीची बहीणच," तात्या म्हणतात. "सावत्र," काकू वाढता वाढता म्हणतात.

यंदा घोळ झालाय. तात्यांना रक्त पातळ ठेवायला वॉरफॅरिन सुरू झालं. पाल्यातलं के-जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं, तेव्हा पालेभाजीचं प्रमाण रोज सारखं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. तात्यांनी त्यातलं 'रोज' उचललं. काकूंनी 'सारखं' उचललं आणि रोज शून्य ठरवलं. डॉक्टरांची पुढची तारीख पडेपर्यंत सगळी भाजी पाहुण्यांना.

शनिवारी आम्हाला जेवायला बोलावलंय.