प्रात्यक्षिकासह कार्यशाळा

२००१ साली आलेल्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी माऊस हातात दिला. आता तिथल्या कॉलेजात पायथॉनच्या एकदिवसीय ‘प्रात्यक्षिकासह’ कार्यशाळा भरतात. वेळ दहाची, पाहुणे साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय त्यांच्या व्याख्यानाहून लांब. जेवणानंतर एका संगणकापुढे चौघे: एक टाइप करतो, तिघे चुका काढतात. पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू. प्रमाणपत्रं मात्र आदल्या रात्रीच सही-शिक्क्यासह तयार. कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायलीत फोटो लागतो, अहवालात ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ येतो. ज्याला खरंच कोड लिहायचाय, तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणं गाठतो. तिथल्या क्लासात हे प्रमाणपत्र दाखवून फीत सवलत मिळत नाही.