तीन शून्यांची इमारत

इमारतीचा नकाशा आता काढत नाहीत, मॉडेल करतात. आर्किटेक्टने भिंती उभ्या करायच्या, आरसीसीवाल्यांनी कॉलम-बीम, प्लंबिंगवाल्यांनी पाइप, एसीवाल्यांनी डक्ट. मग सगळ्यांच्या फाइली एकात एक घालून कोण कुणात घुसलंय ते सांगायला एक पगारी माणूस लागतं. ते मी. ज्या सॉफ्टवेअरवर हे चालतं त्याचं नाव घेत नाही. दिवसाचे दहा तास ज्याच्याबरोबर काढायचे, त्याचं नाव घ्यायला आमच्याकडे उखाणा लागतो.

कल्पना तशी जुनी. चक ईस्टमन या अमेरिकी संशोधकाने १९७५ मध्येच मांडून ठेवलं होतं की बदल एकाच जागी करा, प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन सगळं त्याबरोबर बदलेल. ते आता होतं, अगदी डोळ्यांदेखत होतं. बदल झालाय हे कन्सल्टंटला मात्र आपोआप कळत नाही. त्यासाठी फोन करावा लागतो, आणि ते नेमके दुसऱ्या साइटवर स्लॅब चेक करत असतात.

तर पुढच्या आवृत्तीत काय हवं असं कुणी विचारलंच, तर पहिलं मागणं शून्याचं. आर्किटेक्टचं शून्य टाइलच्या वर असतं. आरसीसीवाल्यांचं शून्य काँक्रीटच्या वर. मधली दोन-तीन इंच टाइल आणि तिच्याखालचा बेड कुणाच्याच फाइलीत नसतो, त्यामुळे मॉडेलमध्ये दरवाजे जमिनीपासून बोटभर तरंगतात. प्लंबिंगवाल्यांचं शून्य तर इमारतीतच नसतं, ते बाहेर रस्त्यावर महापालिकेच्या चेंबरमध्ये असतं. त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही, कारण पाणी शेवटी तिथेच जायचंय. शंभरास एक उतार धरला तर सहा मीटरवर पाइप सहा सेंटिमीटर खाली येतो. पण एखादा नवा पोरगा तो सरळ आडवा काढतो, आणि सॉफ्टवेअर तोंडातून शब्द काढत नाही. हेच सॉफ्टवेअर रेघ केसभर तिरकी झाली की पिवळी पाटी दाखवतं!

क्लॅश रिपोर्टबद्दल तर विचारूच नका. पाइप भिंतीतून गेला, क्लॅश. नळ टाइलला टेकला, क्लॅश. अहो, नळ भिंतीला नाही टेकणार तर कुठे टेकणार? अशा शेकडो ओळींच्या तळाशी कुठेतरी डक्ट थेट बीमच्या पोटातून गेलेला असतो. तेवढा एक वर काढून ठेवायची अक्कल द्या, बाकीचं आम्ही बघतो.

मापांचंही बघा. मॉडेल मिलिमीटरमध्ये, फ्लॅट चौरस फुटांत, वाळू ब्रासमध्ये, आणि मिस्त्री सुतात. सहा मिलिमीटर म्हटलं की तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतो. दोन सूत म्हटलं की लगेच पेन्सिल कानावरून काढतो. एका बटणात सूत बसवायला काय जातं?

आणि वास्तुवाल्या गुरुजींना लॉगिन द्या. थट्टा नाही. त्यांच्याइतके बदल कुणीच करत नाही, पण त्यांची फाइल नसते. क्लायंटच्या व्हॉट्सॲपवर लाल पेनाने गोल केलेला फोटो येतो. मागे सातव्या मजल्यावरचं टॉयलेट ईशान्येतून उचलायचा हुकूम आला. आर्किटेक्टने ते माउसने ओढलं, क्षणात सगळ्या शीट्स बदलल्या. ईस्टमनसाहेब बघायला हवे होते. फक्त त्या टॉयलेटचा पाइप आता सहाव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, बरोब्बर सोफ्यावर उतरत होता. तो भिंतीकडे वळवायचा, तर मधे बीम.

मीटिंगमध्ये चौघांनी चार पर्याय मांडले. शेवटी आरसीसीवाले साहेब स्वतः साइटवर आले, सळया शोधायचं यंत्र बीमवर फिरवून त्यांनी सळयांच्या जागा आखल्या, आणि वरून-खालून सारखं अंतर सोडून, टेकूपासून लांब, चॉकने एक गोल काढला. मग कोअर कटिंगवाला आला. त्याने मशीन बोल्टने बसवलं, पाण्याची नळी जोडली, आणि राखाडी चिखल पायांवर घेत अर्ध्या तासात काँक्रीटचा गुळगुळीत दंडगोल बाहेर काढून माझ्या हातात दिला. सळई एकही लागली नव्हती. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि पहिल्यांदा हसले.

मी टॅबवर मॉडेल उघडून कटिंगवाल्याला कौतुकाने दाखवलं: हा बीम, हा पाइप, असं फिरवता येतं, आत जाता येतं. त्याने बोटाने दोनदा फिरवून पाहिलं.

“छान आहे मॅडम,” तो म्हणाला, “पण यात खडू कुठंय?”